हरणीच्या गोंड्यातली माळ

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. मागच्या प्रकरणात आमच्या घरची दिवाळी लिहिली, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळी लिहिली, आईच्या कडबोळ्यांवर दीड पान खर्च केलं, आणि पाडवा एका ओळीत उरकला. 'पाडव्याला म्हशी पळवत.' एवढंच. वाचणाऱ्याला त्यात काही खटकलं नसेल. मला मात्र ती ओळ लिहिताना हात थांबला होता. तो मी तसाच पुढच्या ओळीवर नेला. उभा जन्म असंच करत आलो आहे. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणजे अजून टाळायचं म्हटलं तरी फार दिवस टाळावं लागणार नाही. पण या दिवाळीत माझ्याच घराच्या गच्चीवर, फटाक्यांच्या धुरात बसून, ती गोष्ट मला उलटी वाचून दाखवली गेली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत लिहून टाकतो.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे सगळी भावकी फराळाला जमते. जयवंत येतो. जयवंत म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी थोरला. दोनदा आमदार झाला, तिसऱ्यांदा पडला, तरी लोक अजून त्याला साहेब म्हणतात आणि तो म्हणवून घेतो. त्याची धाकटी मुलगी मधुरा पुण्याला असते आणि इंटरनेटवर ब्लॉग लिहिते. आजीच्या हातची आमटी, बाबांबरोबरचे प्रचाराचे दौरे, असलं काही. पोरगी बरं लिहिते, खोटं कशाला सांगू. तर माझा नातू ओंकार एका हातात अगरबत्ती आणि एका हातात फोन घेऊन म्हणाला, आजोबा, मधुराआत्यानं आपल्या बावडा गावच्या दिवाळीवर लिहिलंय, ऐका. आणि त्यानं मोठ्यानं वाचलं. ते शब्द मी नंतर त्याच्याकडून उतरवून घेतले: 'माझे बाबा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. पाडव्याच्या दिवशी एक माजलेली म्हैस गर्दीत घुसली. एका निष्काळजी गवळ्यानं तिला तशीच आणलं होतं. बाबांनी जिवाची पर्वा न करता रस्त्यातलं एक लेकरू उचललं. लोकसेवा म्हणजे काय, ते बाबांना त्या दिवशी कळलं.'

गच्चीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायका कौतुकानं जयवंताकडे बघू लागल्या. ओंकारनं त्या आनंदात एक माळ लावली आणि ती संपेपर्यंत कुणाला बोलता येईना. माळ थांबल्यावर जयवंत खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "काय न्हाय रं, त्या टायमाला सुचलं ते केलं." माझ्या तोंडात चकली होती. ती चावताही येईना आणि गिळताही येईना. एका निष्काळजी गवळ्यानं. नावसुद्धा नाही.

त्याचं नाव महादू. आम्ही महादूकाका म्हणायचो. आमच्या आणि त्याच्या घरांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक खिंडार होतं. ते बुजवावं असं दोन्ही घरांत कुणाला कधी वाटलं नाही. पहाटे आमच्याकडे जाग यायची ती कारखान्याच्या भोंग्यानं नव्हे, महादूकाकाच्या चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. आधी रिकाम्या पितळेवर कडक आवाज, मग हळूहळू फेसात बुडत गेलेला. आई त्या खिंडारातून भाकरी द्यायची, काकी ताक द्यायची. काकाला मूलबाळ नव्हतं. सहा म्हशी होत्या आणि त्या सहांत हरणी.

हरणी दिसायला काही फार मोठी नव्हती, पण अंग काळं कुळकुळीत, शिंगं मागं वळून मानेला टेकलेली, आणि कान माणसासारखे. काका बोलायला लागला की ती कान त्याच्याकडं वळवायची. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. आता मालक मोटारसायकलवर पुढे असतो, गाडीच्या धुराची नळी काढून फटफट आवाज करतो आणि म्हैस मागून धावते. तेव्हा मालक स्वतः पळायचा. खांद्यावरचं घोंगडं हवेत फिरवत, तिच्या नावानं हाळी देत तो रस्त्यानं धावायचा, आणि म्हैस बाकी सगळी गर्दी, हलगी, आरोळ्या सोडून फक्त त्या हाळीमागं धावायची. मध्येच थांबून त्यानं घोंगडं उंच धरलं की ती पुढचे दोन पाय उचलून उभी राहायची. दावं नाही, काठी नाही. म्हैस किती देखणी यापेक्षा ती मालकाची किती, हे त्या दिवशी सगळ्या गावाला दिसायचं.

त्यासाठी दसऱ्यापासून तयारी चाले. फटाकड्यांना बुजू नये म्हणून काका तिला रोज सवय करायचा. आधी लांब कुठंतरी टिकल्या वाजवायच्या, मग घरामागच्या परड्याच्या टोकाला एक तोटा, म्हणजे छोटी फटाकडी, मग जवळ, आणि दर आवाजाला मूठभर पेंड तिच्या तोंडात. फटाकडी मी लावायचो आणि पेंड काका भरवायचा. पुढे पुढे उलटं झालं, काका फटाकडी लावायचा आणि पेंड माझ्या हातून. दिवाळीपर्यंत ती अशी झाली की शेजारी सुतळी बाँब फुटला तरी नुसते डोळे मिचकावून पेंडीसाठी तोंड पुढं करायची. मागच्या बाजूनं मात्र ती कुणाला फिरकू देत नसे. काकाला आणि मला, दोघांनाच. काका गल्लीत अभिमानानं सांगत सुटायचा, "माझी हरणी तोफंला भ्यायची न्हाय." हे वाक्य पुढे त्याच्याच गळ्याशी आलं.

त्या वर्षी जयवंत कोल्हापुरातल्या कॉलेजात निवडणूक जिंकून आलेला होता. थोरल्या चुलत्यांना, म्हणजे त्याच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांना त्याला गावकीत पुढं आणायचं होतं. त्यानं दिवाळीला पोतंभर दारूसामान आणलं. भुईनळे, चक्रं, बाण, लाल कागदातल्या तोट्यांच्या माळा. ते उन्हात वाळत घालायचं काम माझ्याकडे. मी सतरा वर्षांचा होतो आणि जयवंताचं शेपूट होतो, हे आधी लिहिलंच आहे. त्याची जुनी पँट आईनं कमरेत आवळून दिली तरी मला राजा झाल्यासारखं वाटायचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याच्या मनात आलं की हरणीला आपण पळवायची. महादूकाका हसून म्हणाला, पळीव की. जयवंतानं घोंगडं घेतलं, परड्यात चार पावलं पळाला, हाळी दिली. हरणीनं त्याच्याकडं पाहिलं आणि निवांत रवंथ करत खाली बसली. भिंतीवर बसलेली पोरं खो खो हसली. काकासुद्धा हसला, पण चांगलं हसला. "मालक, तिला मत न्हाय द्याचं तुमाला," असं काहीतरी म्हणाला. जयवंतही हसला. ते हसू मी पाहिलं होतं. मला कळायला हवं होतं.

पाडव्याला आमच्याकडे सकाळी पुरणपोळी, कटाची आमटी, आणि दुपारी सगळं घर आडवं. आई भांडी आवरत होती, बाहेर गुऱ्हाळाचा गोड वास सुटलेला. जयवंतानं मला मागच्या दारी बोलावलं. हातात पन्नास तोट्यांची माळ. म्हणाला, गंमत करू. हरणीच्या शेपटीला रिबिनीचा गोंडा बांधलाय, त्यात ही अडकीव. काका म्हणतो ना ती भ्यायची नाही, मग बघू. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, "तू तिला पेंड घालतोस, मग तुजं ऐकल की. का तुजंबी ऐकत न्हाय?" मग एवढंच म्हणाला, "भित्रं हाईस लेका."

मी काय सांगू? मला जबरदस्ती झाली असं सांगू? कुणी हात धरला नव्हता. मी खिंडारातून गेलो. काका आत पटका बांधत होता. हरणीची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, पायात घुंगरं, गळ्यात कवड्यांची माळ, अंगाला तेल लावून आरशासारखं केलेलं. तिनं मला पाहून तोंड पुढं केलं. मी खिशातली पेंड तिला दिली, आणि ती खात असताना मागं जाऊन गोंड्याच्या रिबिनीत तोट्यांची माळ गुंतवली. माळही लाल, रिबीनही लाल. दोन गाठी मारल्या. तिनं शेपूट हलवलंसुद्धा नाही.

उन्हं कलताना देवळापुढच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं दाटली होती. हरणीची पाळी आली. काका पुढं सरकून घोंगडं झटकू लागला तेवढ्यात जयवंत गर्दीतून वाकला, त्याच्या बोटांत अगरबत्ती होती, आणि तो पुन्हा गर्दीत सरळ उभा राहिला. कुणाचं लक्षही गेलं नाही. तोटे वाजायला लागले तेव्हा पहिले तीन-चार आवाज होईपर्यंत हरणी उभी होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती आवाजाला भ्यायली नाही. मग रिबीन पेटली. आवाजाची सवय काकानं तिला लावली होती, अंगाला चटका बसण्याची कोण लावणार? ती हंबरली आणि सैरावैरा सुटली, डावीकडच्या बायापोरांच्या घोळक्याकडं.

आणि काकानं हाळी दिली.

त्याला बाजूला होता आलं असतं. तो देवळाच्या पायऱ्यांजवळ होता, दोन पायऱ्या चढला असता तर सुटला असता. त्यानं रस्त्याच्या मधोमध येऊन घोंगडं फिरवलं आणि ओरडला, "हरणेऽ, ये बाय, ये. माज्याकडं ये." पेटलेल्या शेपटीची ती म्हैस वळली. बायापोरांना सोडून वळली आणि हाळीकडं गेली, रोज जायची तशी. तिला थांबता आलं नाही. काका खाली गेला आणि ती त्याच्या अंगावरून पलीकडं गेली. इकडं ती वळल्यावर, सगळं संपल्यावर, जयवंतानं रस्त्याकडेला रडत उभं असलेलं एक पोर उचलून कडेवर घेतलं. मधुराच्या ब्लॉगातलं लेकरू ते हे. ते त्याच्या कडेवर होतं तेव्हा म्हैस शंभर पावलं लांब होती.

काकाचं खुब्याचं हाड मोडलं. तो पुन्हा सरळ चालला नाही, पळणं तर दूर.

दुसऱ्या दिवशी तालमीत पंच बसले. भाऊबीज होती, घराघरांत ओवाळणं चाललेलं, आणि तालमीत लाल मातीच्या कडेनं सगळी गल्ली. काकाला खाटेसकट आणलं होतं. रात्रीतच आबांनी मला बोलावून सांगितलं होतं की पोराचं नाव यायला नको, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर आहे. तुला पुढं शिकायचंय की नाही, असंही विचारलं होतं. पंचांत कुणीतरी म्हणालं, फटाकडीनं बुजली असंल. दुसरा लगेच म्हणाला, कसं होईल, महादू तर महिनाभर सांगतोय की ती तोफंला भ्यायची न्हाय. मग मला उभं केलं, कारण मी परड्यात रोज असायचो. मी म्हणालो की ती सकाळपासून माजावर होती. माझ्याही अंगावर आली होती. मी काकांना सांगितलं होतं, आज तिला काढू नका, पण त्यांनी ऐकलं नाही.

एका दमात म्हणालो. आबांनी घोकून घेतलं होतं त्यापेक्षा एक वाक्य जास्तच म्हणालो. काकांनी ऐकलं नाही, हे माझं स्वतःचं होतं. आजही मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या एका वाक्याचा. जयवंतासाठी खोटं बोललो असं म्हणून मोकळा होऊ बघतो तेव्हा ते आडवं येतं.

पंचांनी काकाला विचारलं, तुला काही म्हणायचंय का. काका खाटेवर कोपरावर उठला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. तो माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, आजार ओळखावा तसं. मग म्हणाला, "पोरगं म्हणतंय तर तसंच असंल." आणि मूठ घोंगड्याखाली घेतली. काकाच्या म्हशींना पाडव्याच्या रस्त्यावर बंदी झाली. हरणी आठवड्याच्या आत बाजारात गेली. तिला नेताना ती खिंडारापाशी थांबून आमच्या परड्यात बघत होती, असं आईनं सांगितलं. मी घरात नव्हतो. मुद्दाम नव्हतो.

पंधरा दिवसांनी आईनं मला फराळाचं ताट देऊन तिकडं पाठवलं. काका एकटाच होता. ताट खाली ठेवलं तसा तो उशाखालून एक करपलेली रिबीन काढून माझ्यापुढं धरून म्हणाला, "माज्या हरणीच्या मागं मी सोडून एकच माणूस जात हुतं." एवढं बोलून त्यानं रिबीन परत उशाखाली ठेवली आणि विचारलं, "कॉलेजात नाव घातलंस न्हवं?" मी मान हलवली. ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून काकीनं येऊन त्यात साखर घातली. ती साखर घेऊन मी घरी आलो.

यंदा फराळ झाल्यावर बाकीचे खाली गेले आणि गच्चीवर आम्ही दोघं म्हातारे उरलो तेव्हा मी जयवंताला म्हणालो, पोरीला खरं सांग. त्यानं आधी कसलं खरं, असा चेहरा केला. मग म्हणाला, "पोरीनं लिवलंय, चांगलं लिवलंय. आता कुणाचं काय हाय त्यात? महादू गेला, काकी गेली." मी म्हणालो, मी आहे. तो हसला. "तूच तर बांधलीस की रं. मी नुसती काडी लावली." उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठला, कारण त्याचे गुडघे गेलेत. मी त्याला हात दिला. दिला, कारण सवय. या सवयीचीही चीड येते.

संध्याकाळी मधुराचाच फोन आला. नानाकाका, तुम्ही होतात ना तिथं, खाली दोन ओळी लिहा ना, लोकांना आवडेल. आवाज तिच्या आजीसारखा. तिच्यावर रागवावं म्हणून फोन हातात घट्ट धरला, पण तिनं काय केलंय? तिला घरातून जे वाढलं ते तिनं लोकांना वाढलं. खोटं आम्ही शिजवलं, तिनं फक्त चांगल्या ताटात घातलं. मी तिला म्हणालो, दोन ओळींत मावणार नाही, लांब लिहून पाठवतो. ती खूश झाली. हे प्रकरण तिला पाठवणार आहे. ती छापेल की नाही, तिची मर्जी. छापलंच तर 'एका निष्काळजी गवळ्यानं' हे खोडून महादू असं लिही, एवढंच माझं मागणं.

पण जे सांगायचं होतं ते तिला नव्हतं. त्यानंतर महादूकाका वीस-बावीस वर्षं जगला. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, आणि दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन त्या खिंडारातून जात राहिलो. दर वर्षी वाक्य तयार असायचं. दर वर्षी मी पाऊसपाणी, दुधाचा भाव, काकीचं गुडघेदुखीचं औषध यांवर बोलून परत यायचो. शेवटच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला होता. गोठ्यात एकच म्हैस उरली होती. बाहेर कुणीतरी माळ लावली, तडतड लांबत गेली, आणि त्यानं डोळे मिटले. आवाज थांबेपर्यंत तसेच मिटून ठेवले. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. आता बोलायचं असं ठरवून मी तोंड उघडलं, काका म्हणालो. त्यानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि वाट बघितली. पुष्कळ वेळ बघितली. मग काकीला हाक मारून म्हणाला, "पोराला दूध दे." काकीनं पेला भरून दिला. धारोष्ण, वर फेस. मी ते दूध शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, पेला खाली ठेवला, येतो म्हणालो आणि आलो. तो मार्गशीर्षात गेला.

काका, हरणी माजावर नव्हती. ती माझ्या अंगावर कधीच आली नाही. मी तिला पेंड दिली आणि ती खात असताना गोंड्यात माळ मी बांधली. दोन गाठी मारल्या. मला माफ करा.